हसा पाहू, पण सावकाश!

फोटो काढून घ्यायला आलेला माणूस आणि दात काढून घ्यायला आलेला माणूस यांच्या चेहऱ्यांत फारसा फरक नसतो, हे मी तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो. खुर्चीत बसेपर्यंत गृहस्थ हसतखेळत बोलत असतात. कॅमेरा समोर आला की मान ताठ, ओठ घट्ट आणि डोळ्यांत पोलीसचौकीत आणल्याचा भाव! या व्यवसायातली खरी कसोटी कॅमेरा चालवण्याची नाही. तो भाव घालवण्याची आहे.

माझा छोटासा स्टुडिओ अंबरनाथला. लोकलच्या हिशेबाने अलीकडे उल्हासनगर, पलीकडे बदलापूर. त्यामुळे गिऱ्हाईक तिन्ही गावचे. “प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असताना तुमच्याकडे येतं कोण?” असे मित्र विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण घरातले एखादे वडीलधारे माणूस गेले की त्याच खिशातल्या हजार फोटोंत भिंतीवर लावण्याजोगा एकही सापडत नाही. मग मंडळी धावतपळत येतात. कुणी आधार कार्ड पुढे करतो, कुणी मामाच्या लग्नातला घोळका. त्यातून आजोबा कापून काढायचे. खांद्यावर राहिलेला परका हात पुसायचा! आयुष्यभर घर सांभाळलेल्या माणसाची हीच का आठवण?

आमच्या भागाला फोटो हरवण्याचे दुःख चांगले ठाऊक आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींत राहिली आणि १९४९ साली त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. हाती लागेल ते घेऊन निघालेल्यांच्या गाठोड्यात अल्बम कुठून असणार? कॅम्प तीनमधले एक वृद्ध गृहस्थ मला म्हणाले होते, “बेटा, माझ्या वडिलांचा चेहरा आता फक्त मला आठवतो. मी गेलो की तोही गेला.” बदलापूरकरांचे अल्बम उल्हास नदीने नेले. २००५ च्या जुलैत पाणी घरात शिरले आणि २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुरात अडकली, तेव्हाही ते शिरलेच. ओले गहू वाळवता येतात. एकमेकांना चिकटलेले फोटो सुटत नाहीत.

म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, घरच्या वडीलधाऱ्यांचा एक नीट फोटो त्यांच्या हयातीत काढून ठेवा. आणि तो काढायला आता एक फार सोयीचे साधन आले आहे: सतत पेटत राहणारे, एकमेकांना जोडता येणारे एलईडीचे दिवे.

सतत पेटणारा उजेड ही तशी जुनीच गोष्ट. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली, डॉ. भाऊ दाजी लाड तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी. त्या काळी सूर्य हाच दिवा. पुढे विजेचे मोठाले दिवे आले. कराचीहून आलेल्या जे. एच. ठक्करांनी १९४८ साली दादरला इंडिया फोटो स्टुडिओ काढला आणि तिथे नर्गिस, मीनाकुमारी, देव आनंद यांचे चेहरे छायाप्रकाशात अजरामर झाले. त्या जुन्या दिव्यांची एकच अडचण: विजेचा नव्वद टक्के भाग उष्णतेत जाई. पावडर वितळायची, घाम फुटायचा. मग फ्लॅश आला. थंड आणि जोरदार. पण क्षणात येऊन जाणारा. सावली कुठे पडली, चष्म्यात काय चमकले, हे फोटो निघाल्यावर कळणार! शिवाय लख्ख झाले की डोळे मिटलेच.

एलईडीने जुन्या दिव्याचा धीर ठेवला आणि ताप काढून टाकला. आत निळा प्रकाश देणारा बारीक स्फटिक असतो, त्यावर पिवळसर लेप. दोहोंच्या मिलाफातून पांढरा उजेड होतो. हा निळा स्फटिक साधायला इतके कष्ट पडले, की त्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघा शास्त्रज्ञांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र बाजारातला कोणताही स्वस्त दिवा चालत नाही. त्यात तांबडा अंश कमी असला की आपला गहूवर्ण आजाऱ्यासारखा दिसतो. रंग किती खरे दिसतात याचा एक आकडा दिव्यावर लिहिलेला असतो, त्याला सीआरआय म्हणतात. तो शंभरापैकी ९५ च्या पुढे पाहावा. आणि दिवा लुकलुकणारा नसावा. डोळ्यांना ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते.

माझ्याकडे फूटभर चौरसाचे चार दिवे आहेत. चारही जोडले की दोन फुटांची खिडकी तयार! दिवा चेहऱ्याच्या मानाने जेवढा मोठा आणि जेवढा जवळ, तेवढी सावलीची कड मऊ. सुरकुत्या राहतात, पण ओरखड्यांसारख्या दिसत नाहीत. हा जोड डोळ्यांच्या किंचित वर, एका बाजूला तिरपा ठेवायचा. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा पत्रा. कधी तीनच जोडतो आणि चौथा मागून केसांवर सोडतो. अगदी समोरून मात्र नको. ज्यांना हे पटत नाही त्यांनी आमच्या शिवमंदिरात जावे. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चे हे मंदिर. ढगाळ दिवशी भिंतीवरच्या मूर्ती सपाट वाटतात. तिरपे ऊन आले की नाक, ओठ, दागिने उठून दिसतात.

परवा बदलापूरच्या एक आजी आल्या. नऊवारी, नथ, जाड भिंगांचा चष्मा, मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले.

“अरे बाळा, तो डोळ्यांत भाला खुपसल्यासारखा उजेड नको हो.”

“नाही आजी, हा बघा,” म्हणत मी दिवा मंद केला. चष्म्यात दोन पांढरे चौकोन दिसत होते. दिवा वीतभर उचलला, चौकोन गेले. नात शेजारी उभी राहून पडद्यावर पाहत होती. म्हणाली, “आजी, नथ चमकतेय बघ!” आजींनीही पाहिले आणि लाजून हसल्या. तो फोटो निघाला. फ्लॅशच्या धाकात तो निघाला नसता.

फ्लॅश मोडीत काढा, असे माझे म्हणणे नाही. धावते मूल किंवा वीस जणांचा परिवार टिपायचा तर त्याचाच जोर लागतो. एलईडीचा उजेड तुलनेने कमी. दोन फुटांवरचा दिवा चार फुटांवर नेला की तो साधारण चौथाई उरतो. पण शांत बसलेल्या एका माणसासाठी यासारखा सोबती नाही.

स्टुडिओत येणे जमत नसेल तर या दिवाळीत घरीच करा. सकाळी खिडकीजवळ आजोबांना बसवा, ऊन थेट अंगावर येऊ देऊ नका. ट्यूब आणि पिवळा बल्ब बंद करा, नाहीतर एकाच चेहऱ्यावर दोन रंग चढतात. सावलीच्या बाजूला पांढरी चादर धरा. “हसा” असे म्हणू नका. त्यांच्या पहिल्या नोकरीची गोष्ट विचारा. आणि फोटो मोबाईलमध्ये राहू देऊ नका. कागदावर छापा, मागे नाव आणि तारीख लिहा, एक प्रत दुसऱ्या गावी नातलगाकडे ठेवा, आणि एक भिंतीवर लावा. हार न घालता!