डबा गेला, चष्मा राहिला

सांगलीत विश्रामबागेतल्या चष्म्याच्या दुकानात बसा किंवा साताऱ्यात राजपथावरच्या, थोड्या वेळात कुणीतरी हे बोलतंच: "आमच्या वेळी ते डबा मॉनिटर होते. त्यातून रेडिएशन यायचं, त्यानंच डोळे गेले. आता पोरांचं बरंय, फ्लॅट स्क्रीन आहे." बोलणारे बहुधा पन्नाशीच्या आसपासचे असतात. २००१ नंतर तालुक्यातालुक्यात एमएस-सीआयटीचे वर्ग निघाले, त्यात बसलेले. नाहीतर पतसंस्थेत, साखर कारखान्याच्या शेतकी कार्यालयात, दस्तलेखकाच्या टपरीत त्या जाड काचेपुढं दिवस काढलेले. त्यांच्या डोळ्यांना त्रास झाला हे खरंच आहे. पण त्यांनी गुन्हेगार चुकीचा धरलाय, आणि ज्याला निर्दोष सोडलाय तो मोकळा हिंडतोय.

आधी किरणांचं बघू. डबा मॉनिटर म्हणजे पिक्चर ट्यूब. हवा काढून घेतलेलं काचेचं मोठं नरसाळं, मागच्या टोकाला इलेक्ट्रॉन सोडणारी बंदूक, पुढं पडद्याच्या आतल्या बाजूला चमकणाऱ्या पावडरीचा थर. रंगीत ट्यूबमध्ये साधारण पंचवीस हजार व्होल्टचा जोर लावून इलेक्ट्रॉन त्या थरावर आदळवतात. इतक्या जोरानं आदळलेल्या इलेक्ट्रॉनमधून थोडे क्ष-किरण निघतात, ही गोष्ट खरी. ती बनवणाऱ्यांनाही पहिल्यापासून माहीत होती, म्हणून तर ती काच तशी बनवली होती. पडद्याच्या काचेत बेरियम आणि स्ट्रॉन्शियम, मागच्या नरसाळ्याच्या काचेत वजनाच्या जवळपास पाचव्या हिश्शाइतकं शिशाचं ऑक्साइड. हे क्ष-किरण मुळातच मवाळ; त्या काचेतून पार होताना त्यांचं जवळजवळ काहीच उरत नाही. जुना मॉनिटर उचलताना कंबरेत कळ यायची, ती या काचेच्या वजनानं.

मग ही भीती आली कुठून? तिला एक खरा प्रसंग आहे. १९६७ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या काही मोठ्या रंगीत टीव्हींमधून मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त क्ष-किरण बाहेर पडत असल्याचं उघड झालं. दोष पडद्याचा नव्हता. टीव्हीच्या पोटात व्होल्टेज सांभाळणारी एक वेगळी नळी असायची, तिचं आवरण नीट नव्हतं. गदारोळ झाला, १९६८ मध्ये तिथं कायदा आला आणि मर्यादा ठरली: संचाच्या पृष्ठभागापासून पाच सेंटिमीटरवर तासाला अर्ध्या मिलिराँटजेनपेक्षा जास्त नाही. पुढं त्या नळीची गरजच संपली. म्हणजे आपल्याकडच्या वर्गांत जे मॉनिटर आले, ते त्या भानगडीनंतर तीसेक वर्षांनी बनलेले.

आणि समजा, वादासाठी, की किरण येत होते. तरी क्ष-किरणांनी चष्म्याचा नंबर लागत नाही हो! मोठ्या मात्रेत डोळ्यांवर पडले तर मोतीबिंदू होतो. लांबचं अंधुक दिसणं हे बुबुळाच्या वक्रतेचं किंवा डोळ्याच्या लांबीचं प्रकरण आहे. आणि जे गृहस्थ सत्तेचाळिसाव्या वर्षी जवळचा चष्मा घेताना मॉनिटरला शिव्या देतात, त्यांना चाळिशी लागलेली असते. डोळ्यातलं भिंग वयानुसार ताठर होतं. त्यांच्या आजोबांनाही ती लागली होती, आणि आजोबांनी गुऱ्हाळाच्या चुलवाणाशिवाय दुसरं काही उजळताना पाहिलं नव्हतं.

याच भीतीवर एक धंदाही चालून गेला. मॉनिटरच्या पुढं लटकवायची काळसर काच, तिला खाली एक वायर, वायरच्या टोकाला अर्थिंगची क्लिप. विकणारे तिला रेडिएशन फिल्टर म्हणत. ती क्लिप बहुतेक ठिकाणी कशालाच जोडलेली नसायची, नुसती लोंबत असायची. त्या काचेनं चकाकी कमी व्हायची, अर्थिंग जोडलं तर धूळ कमी बसायची, तेवढा फायदा खरा. बाकी सगळं विकणाऱ्याचं बोलणं. मॉनिटरशेजारी ठेवलेल्या निवडुंगाबद्दल तर काय बोलावं. तो किरण शोषतो म्हणे. कुंडी पडद्याच्या बाजूला, माणूस पडद्यासमोर. म्हणजे किरण वळसा घालून आधी कुंडीकडं जाणार!

खरा त्रास कशानं होत होता ते सांगतो. पहिलं कारण लुकलुक. पिक्चर ट्यूबचा पडदा एकदम उजळत नाही. इलेक्ट्रॉनचा झोत वरून खाली ओळीओळीनं पडदा रंगवत जातो, आणि पावडरीची चमक पुढच्या फेरीआधीच मावळते. सेकंदाला साठ फेऱ्या असतील तर अनेकांना ती थरथर जाणवते, विशेषतः पांढऱ्या पडद्यावर आणि डोळ्याच्या कडेनं. पंच्याऐंशी फेऱ्यांवर बहुतेकांना जाणवत नाही. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये हा आकडा बदलता यायचा, आणि बरेच मॉनिटर पंच्याऐंशी झेपणारेही होते. पण संगणक बसवून देणारा तो साठवरच सोडून जायचा आणि वर्षानुवर्षं कुणी तिकडं फिरकायचं नाही. अर्थिंग नसलेल्या काचेला पैसे मोजले जात होते, आणि फुकटचा इलाज दोन क्लिकांवर पडून होता. याचा मला आजही राग येतो.

दुसरं कारण पडद्यात नसून आपल्या पापण्यांत आहे. एरवी आपण मिनिटाला पंधराएक वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडं रोखून बघताना हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं. बुबुळावरचा पाण्याचा थर सुकतो, डोळे चुरचुरतात, वाळू गेल्यासारखं वाटतं. त्यात मार्च-एप्रिलची सांगलीची कोरडी हवा आणि डोक्यावर गरगरणारा पंखा. हा त्रास पडदा कसला आहे ते विचारत नाही. फुगीर काचेच्या मॉनिटरनं झाला, सपाट मॉनिटरनं होतो, आणि वीतभर अंतरावर धरलेल्या मोबाइलनं सगळ्यांत जास्त होतो.

म्हणून "आता पोरांचं बरंय" या वाक्यावर माझा आक्षेप आहे. फ्लॅट पडद्यानं लुकलुक बहुतांशी गेली, हा मोठा फायदा. (तीही पूर्ण गेलेली नाही. काही स्वस्त एलईडी मॉनिटरांत उजेड कमी केला की मागचे दिवे सेकंदाला दोनशेच्या आसपास वेळा चालू-बंद होतात. ते डोळ्यांना दिसत नाही, पण काहींचं डोकं धरतं.) त्यापलीकडं डोळ्यांसाठी त्यात औषधी असं काही नाही. आणि किरणांची भीती जिथून उठली तिथं आता निळ्या प्रकाशाची भीती येऊन बसली आहे. दुकानात ब्लू-कट काच घ्या म्हणून गळ घालतात. अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी ही नेत्रतज्ज्ञांची संघटना स्पष्ट सांगते की पडद्याच्या निळ्या प्रकाशानं डोळ्यांना इजा होत असल्याचा पुरावा नाही. कोक्रेन या संस्थेनं २०२३ मध्ये १७ चाचण्या एकत्र तपासल्या. साध्या काचेच्या तुलनेत अशा काचेनं पडद्यामुळं येणारा डोळ्यांचा थकवा कमी होतो असं त्यात दिसलं नाही. भर दुपारी कृष्णाघाटावर उभं राहिलात तर कुठल्याही मॉनिटरपेक्षा कैकपट निळा प्रकाश डोळ्यांत जातो.

घाटावर जावंच, आणि पोरांना न्यावं. लहान मुलांना लांबचा नंबर लागण्याचा संबंध सतत जवळचं बघण्याशी आणि उघड्यावरच्या उजेडात कमी वावरण्याशी आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांवर झालेला प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. काही शाळांत रोज चाळीस मिनिटांचा जादा तास उघड्यावर घेतला. तीन वर्षांनी त्या शाळांतल्या सुमारे ३० टक्के मुलांना नंबर लागला होता. बाकीच्या शाळांत जवळपास ४० टक्के मुलांना. या हिशेबात पडद्याची जात कुठंच येत नाही.

आता बाकीची फुटकळ मंडळी. एलईडी मॉनिटर एलसीडीहून वेगळा, हे चूक. पडदा एलसीडीचाच, मागचा दिवा तेवढा बदलला. स्क्रीनसेव्हरनं वीज वाचते, हेही चूक. तो ट्यूबवर एकाच चित्राचा डाग पडू नये म्हणून होता. वीज वाचवली ती फ्लॅटनं: सतरा इंची डबा सत्तर-ऐंशी वॉट खायचा, आजचा एकोणीस इंची पंधरा-वीस. भारनियमनाच्या वर्षांत एका यूपीएसवर किती वेळ तगायचं ते यावरच ठरे. संगणकाच्या खोलीबाहेर चपला काढल्यानं व्हायरस येत नाही, यावर काही न बोललेलं बरं. डबा सगळ्याच बाबतींत मागास होता हे मात्र खरं नाही. गडद काळा रंग, बाजूनं बघतानाही न बदलणारी छटा आणि धावत्या चित्राचा रेखीवपणा यांत तो साध्या एलसीडीला बरीच वर्षं हार गेला नाही.

एक मात्र फुटकळ नाही, कारण त्यात लोक पैसे घालवतात. जुन्या टीव्हीत, मॉनिटरमध्ये लाल पारा असतो आणि त्याला लाखो रुपये मिळतात, ही थाप. लाल पारा नावाचा असा मौल्यवान पदार्थ अस्तित्वातच नाही. २००९ मध्ये सौदी अरेबियात हीच अफवा सिंगरच्या जुन्या शिलाई मशिनींबद्दल उठली आणि लोकांनी वाटेल त्या किमतीला मशिनी घेतल्या. गंमत अशी की पिक्चर ट्यूबमध्ये पारा नसतोच. तो असतो एलईडीच्या आधीच्या फ्लॅट मॉनिटरांत, पडद्यामागच्या बारीक नळ्यांमध्ये, काही मिलिग्रॅम. लाल नव्हे, साधा. त्याला कुणी छदामही देणार नाही, पण नळी फुटली तर तो हवेत जातो.

ट्यूबमध्ये घातक काही असेल तर ते त्या काचेतलं शिसं. काच अखंड आहे तोवर ते जागचं हलत नाही. २०१९च्या महापुरानंतर सांगलीच्या गावभागातल्या घरांतून भिजलं सामान रस्त्यावर आलं, त्यात टीव्ही-संगणकही होते. तो डबा पाण्यात बुडाला म्हणून पाणी विषारी होत नाही. भंगारात तांब्याच्या वेटोळ्यासाठी हातोडीनं नरसाळं फोडतात, तिथून धोका सुरू होतो. काचेचा चुरा मातीत जातो, आतली पावडर नाकात. शिवाय बंद ट्यूबमध्येही बराच काळ वीज साठून राहते, तिचा झटका हात झिडकारून टाकतो. माळ्यावर डबा पडून असेल तर गल्लीत येणाऱ्या भंगारवाल्याला फोडायला देऊ नका. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रांची यादी असते, ती विचारा. आणि तोवर तो माळ्यावरच असू द्या. तिथं पडल्या पडल्या तो कुणाचेही डोळे बिघडवत नाही.