मेंदू शब्द ऐकतो, तसा सूरही ऐकतो

रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर गाड्यांची घरघर, घोषणा, गप्पा असा सगळा गोंधळ चालू असतो. त्यातलं फारसं आपण ऐकत नाही. पण मागून कुणी आपलं नाव घेतलं, की मान वळते. १९५९ साली नेव्हिल मोरे या मानसशास्त्रज्ञाने हे तपासलं. एकाच कानातल्या मजकुराकडे लक्ष द्यायला सांगितलं, तरी सुमारे एकतृतीयांश लोकांना दुसऱ्या कानात आलेलं स्वतःचं नाव जाणवलं. म्हणजे दुर्लक्षित आवाजही मेंदू चाळत असतो. ‘हे माझ्याविषयी आहे’ हे ठरवताना कपाळामागचा, मेंदूच्या दोन अर्धांच्या मधल्या बाजूचा भाग विशेष काम करतो.

सुराचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. ‘आलात? या!’ हे मायेनं म्हणता येतं आणि तिरकसपणेही. रत्नागिरीकरांना हे सांगायला नको, पु. लं.चा अंतू बर्वा इथलाच! माणसाचा आवाज ओळखणारे भाग कानांच्या जवळच, टेम्पोरल लोबमध्ये असतात. चढउतारातली भावना उलगडण्यात मेंदूची उजवी बाजू पुढे असते आणि आवाजातली भीती, राग यांची दखल अमिग्डला घेतो. म्हणूनच उजव्या बाजूला इजा झालेल्या काहींना शब्द सगळे कळतात, टोमणा मात्र कळत नाही.

स्किझोफ्रेनियात या दोन्ही गोष्टी बिघडू शकतात. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत आहे, त्यामुळे हा आजार इथे अनोळखी नाही. अनेक रुग्णांना समोरच्याच्या सुरातली भावना ओळखणं जड जातं. उलट, रस्त्यावर कुणी सहज हसलं तरी ते आपल्यालाच हसले असं काहींना वाटतं. बाहेरून हे नुसतं संशयी वागणं दिसतं, आणि घरचे वैतागतात.

त्या वैतागाचंही मोजमाप झालं आहे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि सहकाऱ्यांना दिसलं, की घरी फार टीका होणाऱ्या रुग्णांचा आजार जास्त वेळा उलटतो. टीका मोजताना संशोधक नातेवाइकांचे शब्द पाहत, तसाच सूरही ऐकत. ‘तो दहाला उठतो’ ही माहितीही असू शकते आणि तक्रारही. पुढे चंडीगढमध्ये हीच पद्धत वापरली, तेव्हा तिथल्या कुटुंबांत लंडनपेक्षा टीका कमी आढळली.