पुळणीचा जमाखर्च

ऑस्ट्रेलियात सिडनी शहराच्या उत्तरेला कॉलरॉय-नॅराबीन नावाची साडेतीन किलोमीटरांहून थोडी लांब पुळण आहे. दोन्ही टोकांना खडकाळ भूशिरं, मध्ये वाळूची कमान आणि दक्षिणेकडच्या भागात वाळूला अगदी खेटून घरं. एप्रिल १९७६ मध्ये सिडनी विद्यापीठातले किनारा-अभ्यासक अँडी शॉर्ट यांनी या पुळणीची मोजणी सुरू केली. साधनं म्हणाल तर सारख्या उंचीच्या दोन काठ्या आणि एक टेप.

एक काठी जमिनीच्या बाजूला आणि दुसरी ठरावीक अंतरावर समुद्राच्या बाजूला उभी करायची. मागच्या माणसाने पुढच्या काठीचं टोक आणि क्षितिज एका रेषेत दिसेल असा डोळा लावायचा आणि ती रेषा आपल्या काठीला कुठे छेदते ते वाचायचं. तेवढ्या अंतरात पुळण किती उतरली ते त्यावरून कळतं. मग काठ्या पुढे न्यायच्या, पुन्हा वाचन, असं थेट पाण्यापर्यंत. के. ओ. एमरी यांनी १९६१ मध्ये मांडलेली ही पद्धत शाळकरी मुलांनाही जमेल इतकी सोपी आहे. अवघड होतं ते पुढचं. त्याच रेषांवर, महिन्यामागून महिने, वर्षानुवर्षं परत जायचं आणि मधे काहीही घडलेलं नसलं तरी मोजायचं.

एवढा खटाटोप कशासाठी? किनारा मागे सरकतोय की नाही हे डोळ्यांनी दिसत नाही का? दिसत नाही, किंवा चुकीचं दिसतं. नकाशावर किनारा म्हणून एक ठाम रेघ असते. प्रत्यक्षात पाण्याची कड तासातासाला हलते. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरांहून जास्त फरक पडतो. पुळणीचा उतार पन्नास मीटरला एक मीटर असेल, तर पाण्याची पातळी एक मीटरने वाढताच कड पन्नास मीटर आत येते. म्हणजे भरतीचा एक आणि ओहोटीचा एक असे दोन फोटो शेजारी ठेवले, तर वाळूचा कणही न हलता दोनशे मीटर किनारा ‘गिळला’ गेलेला दाखवता येईल. त्यात ऋतूंची भर. पावसाळ्यातल्या उंच लाटा वाळू ओढून उथळ पाण्यात नेऊन टाकतात आणि हिवाळ्यातल्या शांत लाटा ती हळूहळू परत आणतात. कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पण समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या ‘तेव्हा आणि आता’च्या जोड-फोटोंवर सहसा ना महिना लिहिलेला असतो ना भरतीची वेळ.

म्हणून किनाऱ्यावर नजर ठेवणाऱ्या गटाच्या प्रमुखाला सगळ्यात आधी ठरवावं लागतं, की किनारा म्हणायचं कशाला. बहुतेक ठिकाणी समुद्राच्या सरासरी पातळीच्या संदर्भाने एक उंची निश्चित केली जाते आणि वाळूवर त्या उंचीची रेषा कुठे आहे ते मोजलं जातं. एकदा ठरलं की मग बदल नाही. ज्या ठिकाणाहून मोजायचं ते ठिकाणही बदलायचं नाही.

नॅराबीनच्या नोंदी साचत गेल्या तशी ही पुळण कशी वागते ते उलगडत गेलं. वादळात ती एका रात्रीत खंगते आणि पुढचे कित्येक महिने कणाकणाने भरून निघते. काही वर्षं दक्षिणेचं टोक रुंदावतं आणि उत्तरेचं अरुंद होतं, नंतर उलट. जणू मधे खिळा ठोकून पुळण फिरवली जातेय. या फिरण्याचा संबंध अभ्यासकांनी प्रशांत महासागरातल्या एल निनो आणि ला निना यांच्याशी जोडला आहे. दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पात हे हाती लागलं नसतं. उलट तेवढ्याच मोजणीवरून एखाद्याने उत्तर टोक कायमचं संपत चालल्याचा अहवाल दिला असता, आणि त्याचे आकडे खोटे नसते!

संशोधनाचा निधी काही वर्षांपुरता मिळतो आणि समुद्राचा हिशेब दशकांचा असतो, ही या कामातली खरी अडचण. विद्यार्थी पदवी घेऊन जातात, उपकरणं जुनी होतात. नॅराबीनला २००४च्या सुमारास इयान टर्नर यांच्या नेतृत्वाखालील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचा गट पुढे आला. काठ्यांच्या जागी अचूक जीपीएस आणि उंचावरून पुळणीवर रोखलेले कॅमेरे आले. अशा बदलाच्या वेळी मोठा धोका असतो. नव्या यंत्राने वेगळा आकडा दिला, तर बदललं काय, किनारा की मोजपट्टी? या गटाने काठ्या, जीपीएस आणि कॅमेरा यांची मापं एकमेकांशी ताडून पाहिली आणि २०११ मध्ये ती तुलना प्रसिद्ध केली. हे काम कुणाच्या नजरेत भरणारं नाही, पण त्यामुळेच आधीच्या जवळजवळ तीन दशकांच्या नोंदी पुढच्या नोंदींशी जोडता आल्या. २०१६ मध्ये त्यांनी चाळीस वर्षांची सगळी मापं जगभरच्या अभ्यासकांसाठी खुली केली.

त्याच वर्षी जूनमध्ये परीक्षेची घडी आली. एक मोठं वादळ किनाऱ्याकडे येत असल्याचा अंदाज काही दिवस आधी मिळाला. वादळ धडकण्याआधीच गटाने विमानातून लेसर किरणांनी किनाऱ्याची उंची मोजून घेतली आणि ते ओसरल्यावर पुन्हा. कॉलरॉयला समुद्राने घरांच्या मागच्या अंगणांपर्यंत मजल मारली, एक पोहण्याचा तलाव उखडून वाळूवर पडला, घरं रिकामी करावी लागली. त्या छायाचित्रांची जगभर चर्चा झाली. गटाच्या हाती मात्र आकडे होते. १७७ किलोमीटर किनाऱ्यावरून सुमारे १ कोटी १५ लाख घनमीटर वाळू वाहून गेली होती. दहा घनमीटरचा एक डंपर धरला तर साडेअकरा लाख डंपर.

त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष वेगळाच होता. खोल समुद्रातल्या लाटांची उंची त्या भागाच्या मानाने मध्यमच होती. फरक पडला तो दिशेने. लाटा नेहमीच्या दिशेपेक्षा सुमारे ४५ अंश वळून आल्या आणि एरवी भूशिरांच्या आडोशाला असणारे भाग उघडे पडले. नॅराबीनच्या चाळीस वर्षांतली ही सगळ्यात मोठी झीज होती, आणि तसं खात्रीने म्हणता आलं ते मागची चाळीस वर्षं कुणीतरी मोजत होतं म्हणून. वादळ किती मोठं याइतकंच ते कुठून येतंय याचंही भान आता नियोजनात ठेवावं लागणार होतं.

पुढची गोष्ट तितकीशी सरळ नाही. कॉलरॉयच्या घरांपुढे सुमारे सात मीटर उंचीची काँक्रीटची भिंत उभी राहिली. भिंत मागची जमीन धरून ठेवते. पुढची वाळू धरून ठेवणं तिला जमत नाही. पुळण सगळ्यांची आणि घरं काहींची, यावरून स्थानिकांनी निदर्शनंही केली. शास्त्रज्ञांनी मोजून दिलं म्हणजे निर्णय सोपा होतो, असं नाही.

वाहून गेलेली वाळू गेली कुठे, याचाही माग काढला गेला. मिचेल हार्ली आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि मेक्सिकोतल्या एकेका पुळणीचा, समुद्रतळासकट, अभ्यास २०२२ मध्ये मांडला. मोठ्या वादळांनी काठावरची वाळू ओढली तशी खोल पाण्यातली वाळू किनाऱ्याजवळ आणूनही टाकली होती. समुद्राची पातळी वाढल्यामुळे पुढच्या काही दशकांत जी माघार अपेक्षित आहे, तिची भरपाई होऊ शकेल इतकी. फक्त कोरडी पुळण मोजणाऱ्याला यातला खर्चच दिसला असता, जमा नाही.

या कामाला माणसं कुठून पुरवायची, हा प्रश्न उपग्रहांनी थोडा हलका केला. किलियन व्हॉस आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ‘कोस्टसॅट’ ही मोफत संगणक प्रणाली प्रसिद्ध केली. लँडसॅट आणि सेंटिनेल उपग्रहांच्या प्रतिमांतून ती १९८४ पासूनची पाण्याची कड शोधून काढते. चूक साधारण दहा मीटरची. ही चूक कळली ती नॅराबीनसारख्या मोजक्या पुळणींवरच्या प्रत्यक्ष मापांशी ताडून पाहिल्यामुळे. भरती-ओहोटीचा फरक मोठा आणि उतार मंद असेल, तिथे ही चूक वाढते. कोकणातल्या अनेक पुळणी तशाच आहेत.

आपल्याकडे चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातला मुख्य भूमीचा हिशेब उपग्रह प्रतिमांवरून मांडला आहे. देशाचा ३३.६ टक्के किनारा कमी-अधिक झिजतोय. महाराष्ट्रात हे प्रमाण २५.५ टक्के आहे. १० टक्के किनारा वाढतोय आणि ६४.६ टक्के स्थिर आहे. गोव्यात १९.२ टक्के किनाऱ्याची धूप होते. हे आकडे दिलासा देणारे वाटतात, पण ज्या गावाची सुरूची झाडं दर पावसाळ्यात आडवी होतात त्याला राज्याच्या सरासरीचा उपयोग नाही. जुलैत झाडं पडली की धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी होते. ती चूक म्हणता येत नाही. घर वाऱ्यावर सोडा असं कुणाला सांगणार? मात्र जानेवारीत तीच वाळू परत आली का, हे पाहायला त्याच जागी सहसा कुणी जात नाही. परत येत असेल तर बंधाऱ्याचे दगड पुळणीच्याच जागेवर पडतात. परत येत नसेल तर ती का येत नाही, शेजारचा धक्का तिला अडवतोय की नदीतूनच कमी येतेय, हे शोधावं लागतं.

२०२० मध्ये एका युरोपीय गटाने शतकाअखेरीस जगातल्या जवळपास निम्म्या वालुकामय पुळणी नाहीशा होऊ शकतात, असं अनुमान मांडलं. त्याला त्याच वर्षी उत्तर देणाऱ्यांमध्ये अँडी शॉर्टही होते. मागे सरकायला जागा असेल तर पुळण मागे सरकून टिकते, असं त्या गटाचं म्हणणं. अडचण तिच्या मागे रस्ता, भिंत किंवा घर असतं तिथे येते.

मोजणीत आता सामान्य लोकही आले आहेत. २०१७ मध्ये हार्ली यांच्या गटाने सिडनीजवळच्या मॅन्ली आणि नॅराबीनला, किनाऱ्याकडे तोंड करून, मोबाइल टेकवायच्या स्टीलच्या चौकटी बसवल्या. फिरायला आलेल्याने फोन त्यात ठेवून फोटो काढायचा आणि पाठवून द्यायचा. चौकट हलत नसल्याने सगळे फोटो एकाच जागेवरून निघतात. सोबत नेमकी वेळ तेवढी कळवावी लागते, कारण त्या क्षणी भरती किती होती ते वेळेवरूनच काढायचं असतं.