१८८६ चा नाताळ : एक कवी, एक मुलगी आणि बालरूपातला देव

२५ डिसेंबर १८८६ या एकाच दिवशी फ्रान्समध्ये दोन माणसांच्या श्रद्धेने निर्णायक वळण घेतले. नॉर्मंडीतील लिझ्यू या गावात मध्यरात्रीच्या मिस्सा या उपासनेहून घरी परतलेल्या चौदाव्या वर्षातल्या तेरेज मार्तँ या मुलीच्या मनात काही क्षणांत मोठा पालट झाला. त्याच दिवशी दुपारनंतर पॅरिसच्या नोत्र दाम कॅथीड्रलमध्ये गर्दीत उभा असलेला पॉल क्लोदेल हा अठरा वर्षांचा विद्यार्थी सायंप्रार्थनेचे गायन ऐकता ऐकता श्रद्धाळू झाला. दोघांची कधी भेट झाली नाही. पुढे तेरेज कॅथलिक चर्चमधील सर्वांत लोकप्रिय संतांपैकी एक ठरली, तर क्लोदेल फ्रेंच भाषेतील विसाव्या शतकाचा मोठा कवी आणि नाटककार झाला. दोघांचाही बाप्तिस्मा तान्हेपणीच झालेला होता, त्यामुळे यात धर्म बदलण्याचा प्रश्न नव्हता. वारशाने मिळालेला धर्म त्या दिवशी त्यांचा स्वतःचा झाला.

त्या वर्षी फ्रान्समधली हवा अशा घटनेला अजिबात पोषक नव्हती. १८७० मध्ये स्थापन झालेल्या तिसऱ्या प्रजासत्ताकाने शिक्षण चर्चच्या हातातून काढून घ्यायला सुरुवात केली होती. १८८१-८२ च्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचे आणि धर्मनिरपेक्ष झाले. ३० ऑक्टोबर १८८६ च्या गोब्ले कायद्याने सरकारी प्राथमिक शाळांतील शिक्षकही धर्मसंस्थांबाहेरचेच असावेत असे ठरवले. १८८५ मध्ये व्हिक्टर ह्यूगोच्या अंत्ययात्रेला पॅरिसमध्ये अफाट जनसमुदाय लोटला होता आणि त्याच्या दफनासाठी पँथिऑन या वास्तूचे चर्च हे रूप संपवून ती राष्ट्रपुरुषांचे स्मारक करण्यात आली होती. सुशिक्षितांच्या जगात अर्नेस्ट रनाँ आणि इप्पोलित तेन या विचारवंतांचा शब्द प्रमाण होता. रनाँच्या १८६३ मधील येशूचरित्राने ख्रिस्ताला एक थोर मानव ठरवून चमत्कार बाजूला काढले होते. तरीही त्याच १८८६ च्या ऑक्टोबरअखेरीस पॅरिसच्या सेंट ऑगस्टिन चर्चमध्ये शार्ल द फुको या माजी लष्करी अधिकाऱ्याने धर्मगुरू युव्हलँ यांच्यापुढे पापनिवेदन केले आणि तोही श्रद्धेकडे परतला. वाळवंटातील एकांतवासासाठी प्रसिद्ध झालेला संत तो हाच.

क्लोदेल या वातावरणाचेच अपत्य होते. ६ ऑगस्ट १८६८ रोजी एन प्रांतातील व्हिलनव्ह-स्यूर-फेर या खेड्यात त्याचा जन्म झाला. वडील सरकारी नोकर. थोरली बहीण कामीय पुढे शिल्पकार म्हणून गाजली. १८८२ मध्ये कुटुंब पॅरिसला आले आणि पॉल लुई-ल-ग्राँ या नामांकित शाळेत दाखल झाला. १८८३ च्या पारितोषिक समारंभात त्याला रनाँच्या हस्ते बक्षीस मिळाले. लहानपणी पहिले कम्युनियन, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर प्रथम घेण्याचा विधी, झाले होते, पण शाळेत असतानाच श्रद्धा गळून पडली. जग म्हणजे कार्यकारणाच्या नियमांनी घट्ट बांधलेले यंत्र, हे त्याने स्वीकारले आणि त्यातच तो गुदमरू लागला. पोटाच्या कर्करोगाने झालेला आजोबांचा मृत्यू त्याने तेराव्या वर्षी पाहिला होता. त्या मृत्यूची भीती त्याला सोडत नव्हती.

या बंदिस्त जगाला पहिला तडा एका कवीने पाडला. १८८६ मध्ये ‘ला व्होग’ या छोट्या नियतकालिकात आर्थर रँबोची ‘इल्युमिनासियाँ’ आणि नंतर ‘यून सेझाँ आँ आँफेर’ छापून आली. ही रचना कुठल्याही अर्थाने भक्तिपर नव्हती. खुद्द रँबो तेव्हा लाल समुद्राच्या किनाऱ्याजवळ बंदुकांच्या व्यापारात गुंतला होता. पण ती वाचताना दृश्य जगापलीकडे काहीतरी आहे याची जवळजवळ शारीरिक जाणीव क्लोदेलला झाली. रँबोचे हे ऋण त्याने आयुष्यभर मान्य केले.

नाताळच्या दिवशी मात्र तो नोत्र दाममध्ये श्रद्धेच्या शोधात गेला नव्हता. लेखन नुकतेच सुरू झाले होते आणि चर्चच्या विधींतून आपल्या लेखनाला थोडी सामग्री मिळेल, इतपतच त्याचा हेतू होता. सकाळच्या महामिस्सात त्याला विशेष आनंद झाला नाही. दुसरे काही करण्यासारखे नव्हते म्हणून तो सायंप्रार्थनेला पुन्हा आला. कॅथीड्रलच्या गायनशाळेतील पांढऱ्या झग्यांतली मुले आणि त्यांच्या साथीला आलेले सें निकोला द्यू शार्दोने येथील लहान सेमिनरीचे विद्यार्थी गात होते. ते गीत मरियेचे स्तोत्र होते, हे त्याला नंतर कळले. लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात गरोदर मरिया अलिशिबेच्या घरी जाते आणि देवाची थोरवी गाते. दीनांना उचलणाऱ्या आणि गर्विष्ठांना खाली खेचणाऱ्या देवाचे हे स्तोत्र कॅथलिक सायंप्रार्थनेत दररोज म्हटले जाते. क्लोदेल गायनकक्षाच्या प्रवेशाशी, उजव्या अंगाला, दुसऱ्या खांबाजवळ उभा होता. तिथे एका क्षणात त्याला श्रद्धा आली, आणि ती इतकी ठाम की पुढच्या आयुष्यातले कोणतेही पुस्तक, कोणताही युक्तिवाद, कोणतेही संकट तिला हलवू शकले नाही, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्या क्षणी काय जाणवले याचे त्याने केलेले वर्णन फार महत्त्वाचे आहे. देवाचे सामर्थ्य किंवा न्याय त्याला जाणवला नाही. जाणवले ते देवाचे निरागसपण, त्याचे कधीही न संपणारे बाल्य. लगेच नाताळचे ‘आदेस्ते’ हे गीत सुरू झाले तेव्हा तो रडत होता.

ही घटना इथेच संपली असती, तर ती एका भावनाशील तरुणाची आठवण म्हणून राहिली असती. तिचे खरे मोल नंतरच्या चार वर्षांत आहे. त्याच संध्याकाळी घरी जाऊन त्याने एका जर्मन मैत्रिणीने कामीयला दिलेले प्रॉटेस्टंट बायबल उघडले. अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्यांना पुनरुत्थित येशू भेटतो तो प्रसंग आणि नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायातले ज्ञानाचे आत्मकथन ही दोन स्थळे त्याच्यासमोर आली. पण हृदयाने जे मानले ते मानायला बुद्धी तयार नव्हती. जुनी मते जशीच्या तशी उभी होती. देवाने त्यांना हात न लावता बाजूला ठेवले होते आणि ती खोटी का, हे क्लोदेलला समजत नव्हते. आपल्याच धर्माबद्दलचे त्याचे अज्ञान तर इतके होते की बौद्ध धर्माबद्दल जेवढे ठाऊक तेवढेच ख्रिस्ती धर्माबद्दल, असे त्याने कबूल केले आहे.

दुसरा अडथळा साधा आणि म्हणूनच अधिक कठीण होता : लोक काय म्हणतील? शुक्रवारी मांस खाणार नाही हे आईवडिलांना सांगायचे, ज्यांची सगळे टिंगल करतात त्या कॅथलिकांपैकी मी एक आहे हे जाहीर करायचे, या नुसत्या विचाराने त्याला घाम फुटत असे. म्हणून तो एकटाच वाचत राहिला. पास्कल, बोस्युए, दान्ते, ‘ख्रिस्तानुकरण’ आणि सतत बायबल. रविवारी तो नोत्र दाममध्ये जाई, शक्य तेव्हा इतर दिवशीही. तिथली उपासनाच त्याची शाळा झाली.

कवी बोदलेर शेवटच्या काळात श्रद्धेकडे वळला होता हे त्याच्या मरणोत्तर प्रकाशित लेखनातून कळल्यावर क्लोदेलने धीर केला आणि आपल्या सें मेदार या पॅरिशमध्ये पापनिवेदनाला गेला. तिथल्या वृद्ध धर्मगुरूला त्याच्या कहाणीने फारसे हलवले नाही. पहिल्या कम्युनियनच्या आठवणींबद्दल चार शब्द बोलून त्याने सांगितले की, पापक्षमेआधी घरी हे सांगितले पाहिजे. क्लोदेल अपमानित होऊन, चिडून बाहेर पडला आणि वर्षभर परत गेला नाही. पुढे त्या धर्मगुरूचे बरोबर होते, असे त्याने मान्य केले. दुसऱ्या वर्षी त्याच चर्चमध्ये मेनार नावाचे एक तरुण, प्रेमळ धर्मगुरू त्याला भेटले आणि समेट झाला. २५ डिसेंबर १८९० रोजी, नोत्र दाममध्येच, त्याने आयुष्यातले दुसरे कम्युनियन घेतले. श्रद्धेचा क्षण आणि तिला वाहून घेण्याचा दिवस यांत बरोबर चार वर्षांचे अंतर होते. या कहाणीत १८८६ ची तारीख प्रसिद्ध आहे, पण १८९० ची तारीख अधिक मोलाची मानावी लागेल, कारण पहिल्या तारखेला त्याला काहीतरी मिळाले आणि दुसऱ्या तारखेला त्याने स्वतःला दिले.

याच सुमारास क्लोदेल राजनैतिक सेवेत शिरला. चीन, प्राग, जर्मनी, ब्राझील, आणि पुढे टोकियो, वॉशिंग्टन, ब्रसेल्स येथे राजदूत, असा त्याचा प्रवास झाला. १९०० मध्ये त्याने बेनेडिक्टाइन मठात प्रवेश मागितला, पण तो मिळाला नाही. त्यानंतर लगेचच चीनकडे जाणाऱ्या बोटीवर भेटलेल्या एका विवाहित स्त्रीच्या प्रेमात तो पडला आणि त्या जखमेतून ‘पार्ताज द मिदी’ हे नाटक आले. डिसेंबर १९१२ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘लानाँस फेत आ मारी’ या नाटकाच्या केंद्रस्थानी नाताळची रात्रच आहे : महारोगाने गावाबाहेर टाकलेल्या व्हियोलेनच्या कुशीत तिच्या बहिणीचे मेलेले मूल जिवंत होते, आणि त्याचे काळे डोळे व्हियोलेनसारखे निळे झालेले असतात. नोत्र दाममध्ये ऐकलेले गाणे सव्वीस वर्षांनी असे नाट्यरूप घेऊन आले.

क्लोदेलच्या चरित्रावर एक सावली आहे, ती झाकता येणार नाही. मार्च १९१३ मध्ये कामीयला कुटुंबाने मनोरुग्णालयात ठेवले आणि १९४३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती मनोरुग्णालयातच राहिली. तीस वर्षांत पॉल तिला मोजक्याच वेळा भेटला. त्याचे प्रसिद्ध ‘मा कॉन्व्हर्सियाँ’ हे निवेदन त्याच १९१३ सालचे आहे. ज्या बहिणीच्या बायबलमधून त्याचे वाचन सुरू झाले तिच्याबाबतीत त्याच्या श्रद्धेने अधिक काही मागायला हवे होते, असेच त्याच्या वाचकाला वाटत राहते.

लिझ्यूमधली घटना बाहेरून पाहता फारच क्षुल्लक दिसते. तेरेजचा जन्म २ जानेवारी १८७३ चा. साडेचार वर्षांची असताना आई गेली. आईच्या जागी मानलेली बहीण पोलीन १८८२ मध्ये कार्मेल मठात गेली, तिच्यामागून १८८६ च्या ऑक्टोबरमध्ये दुसरी बहीण मारीही. तेरेज अतिशय हळवी झाली होती. ती जरा जरा कारणाने रडे आणि रडल्याबद्दल पुन्हा रडे. फ्रेंच घरांत नाताळच्या रात्री मुलांचे जोडे चुलीपाशी ठेवून त्यांत भेटवस्तू घालत. तेरेज धाकटी म्हणून मार्तँ यांच्या घरी ही प्रथा अजून चालू होती. त्या रात्री मिस्साहून थकून आलेले वडील ते जोडे पाहून म्हणाले की, बरे झाले, हे शेवटचेच वर्ष. जिन्यावर असलेल्या तेरेजने ते ऐकले. डोळे भरून आले. बहीण सेलीनने तिला आता खाली जाऊ नकोस असे सुचवले. पण तिने अश्रू गिळले, ती धावत खाली आली आणि वडिलांसमोर एकेक वस्तू आनंदाने काढू लागली. वडीलही हसू लागले. घडले ते एवढेच.

तरीही १८९५ मध्ये आठवणी लिहिताना तिने याला आपले संपूर्ण मनःपरिवर्तन म्हटले. दहा वर्षांत स्वतःच्या प्रयत्नांनी जे जमले नव्हते ते येशूने एका क्षणात केले, अशी तिची समजूत होती. बाळ होऊन दुबळा झालेल्या देवाने तिला बालपणाच्या दुबळेपणातून बाहेर काढले. त्या रात्रीपासून स्वतःला विसरणे तिला जमू लागले. १८८७ च्या उन्हाळ्यात तिहेरी खुनाबद्दल देहदंड झालेल्या प्रान्झिनीसाठी तिने चिकाटीने प्रार्थना केली. ३१ ऑगस्टला वधमंचावर त्याने क्रूसाचे चुंबन घेतल्याचे तिने वर्तमानपत्रात वाचले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिने रोममध्ये पोप तेरावे लिओ यांच्याकडे मठप्रवेशाची परवानगी मागितली. ९ एप्रिल १८८८ रोजी, पंधराव्या वर्षी, ती कार्मेलमध्ये गेली. तिने घेतलेले नाव होते बाल येशूची तेरेज.

अशा आकस्मिक परिवर्तनांचा अभ्यास मानसशास्त्राने लवकरच सुरू केला. १८९९ मध्ये एडविन स्टारबक यांनी दाखवले की धार्मिक परिवर्तने बहुतांशी किशोरवयात होतात. १९०२ मध्ये विल्यम जेम्स यांनी मांडले की, क्षणात घडल्यासारखा वाटणारा पालट मनाच्या तळाशी बराच काळ शिजत असतो. क्लोदेलच्या बाबतीत रँबोचे वाचन आणि मृत्यूचे भय, तेरेजच्या बाबतीत एकामागून एक झालेले वियोग, हे या मांडणीशी जुळते. शिवाय दोघांचीही निवेदने घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी लिहिलेली आहेत, आणि स्मृती आठवणींना आकार देतेच. पण जेम्स यांचेच दुसरे म्हणणे विसरता येत नाही : अशा अनुभवाचे मूल्य त्याच्या उगमावरून नव्हे, त्याच्या फळांवरून ठरते. १८८८ चा मठप्रवेश आणि १८९० चे कम्युनियन या गोष्टी आठवणींवर अवलंबून नाहीत.

हे नाताळलाच का घडले, याचे एक उत्तर दोघांच्या शब्दांतच आहे. ख्रिस्ती वर्षात बाप्तिस्म्याचा परंपरागत मुख्य दिवस ईस्टर. तरी फ्रँक राजा क्लोव्हिसचा बाप्तिस्मा नाताळला झाला असे व्हिएनचे बिशप अव्हितुस यांच्या पत्रावरून दिसते. ज्या रँसमध्ये तो झाला ते क्लोदेलच्या जन्मगावापासून फार दूर नाही. ईस्टरचा देव मृत्यूवर विजय मिळवतो. नाताळचा देव गोठ्यात, दुसऱ्याच्या हातांवर अवलंबून असतो. क्लोदेलला त्याचे बाल्य दिसले, तेरेजने त्याचेच नाव घेतले. बुद्धीच्या बळावर उभ्या असलेल्या मुलाला आणि अश्रूंनी खचलेल्या मुलीला याच देवापुढे नमते घेता आले.

तेरेजची वाट पुढे सोपी राहिली नाही. १८९६ च्या ईस्टरपासून स्वर्गाबद्दलच्या श्रद्धेभोवतीच गडद अंधार दाटून आला आणि तो मरेपर्यंत हटला नाही. नास्तिक माणसे खरोखर असतात यावर तिचा पूर्वी विश्वास नव्हता. आता ती स्वतःला त्यांच्याच पंगतीला बसलेली समजू लागली आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करू लागली. ३० सप्टेंबर १८९७ रोजी क्षयाने ती गेली, अवघ्या चोविसाव्या वर्षी. पुढच्या वर्षी तिच्या वह्या ‘एका आत्म्याची कथा’ या नावाने प्रसिद्ध झाल्या. १९२५ मध्ये तिला संतपद मिळाले आणि १९९७ मध्ये चर्चच्या आचार्यांत तिची गणना झाली. कोलकात्याच्या मदर तेरेसा यांनी व्रतस्थ होताना तिचेच नाव घेतले. १९२७ मध्ये पोप अकरावे पायस यांनी तिला मिशनकार्याची आश्रयदाती घोषित केले. मठाबाहेर कधीही कार्य न केलेल्या तेरेजला तो मान मिळाला तो समुद्र ओलांडून आलेल्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या बरोबरीने, ज्यांचे अवशेष जुन्या गोव्यातील बॉम जीझस बॅसिलिकात आहेत.