मुथिगाच्या सालीचा तिखटपणा

पूर्व आफ्रिकेतील औषधी वृक्षांमध्ये वार्बुर्जिया युगांडेन्सिस ह्या वृक्षास मोठा मान आहे. किकुयू लोक त्यास मुथिगा म्हणतात, मासाई ओसोकोनोई. पोटदुखी, खोकला, दातदुखी व हिवताप ह्यांवर त्याची साल चघळण्याचा किंवा तिचा काढा घेण्याचा प्रघात तेथे आहे. साल मिरीसारखी झोंबते. तेथील भारतीय रहिवासी तर त्याची पाने कालवणात घालीत!

हा तिखटपणा केवळ चवीपुरता नव्हे. १९७६-७७ च्या सुमारास कुबो, नाकानिशी प्रभृतींनी सालीतील वार्बुर्गानल व मुझिगाडियल ह्या सेस्क्विटर्पीन संयुगांचे वर्णन केले. ही संयुगे लावलेले पान आफ्रिकेतील लष्करी अळी खात नाही, असे त्यांस आढळले. त्यांच्या रेणूंतील शेजारशेजारचे दोन आल्डिहाइड गट प्रथिनांतील अमिनो गटांशी संयोग पावतात. जिभेची आग व अळीची अरुची ह्या दोहोंचा संबंध ह्याच रचनेशी लावला जातो. सालीतीलच पॉलिगोडियल कँडिडा ह्या यीस्टची वाढ रोखते. मात्र परीक्षानळीतील क्रिया म्हणजे रोगनिवारणाचा पुरावा नव्हे. प्रथिनांशी असा जडणारा रेणू रुग्णाच्या पेशींनाही अपायकारक ठरू शकतो, हे उत्साही लेखक पुष्कळदा विसरतात.

खरी निकड वृक्षाचीच आहे. खोडाभोवतीची साल पूर्ण सोलली की अन्नरसाचा मार्ग तुटून वृक्ष मरतो. ह्या वर्गातील संयुगे पानांतही सापडली आहेत. परंतु साल व पान ह्यांतील त्यांचे प्रमाण सारखेच असेल, असे गृहीत धरता येत नाही. पाने सालीच्या जागी सुचविण्यापूर्वी दोहोंचे पृथक्करण शेजारी ठेवून पाहिले पाहिजे.