गोठलेली भूमी

आपल्याकडे विहीर खणताना आधी मुरूम लागतो, मग खडक लागतो आणि दैव अनुकूल असेल, तर पाणी लागते. सायबेरियातील याकुत्स्क नगरात शेर्गिन नावाच्या व्यापाऱ्याने १८२८ साली विहीर खणावयास आरंभ केला. नऊ वर्षे खोदकाम चालले. विहीर सुमारे ११६ मीटर खोल गेली, पण पाणी काही लागेना! तळापर्यंत माती गोठलेलीच होती. विहीर तहानेच्या कामी आली नाही, शास्त्राच्या मात्र आली. काही वर्षांनी मिडेनडॉर्फ या शास्त्रज्ञाने तिच्यात उतरून निरनिराळ्या खोलीवरील मातीचे तापमान मोजले.

अशा भूमीचा केवळ वरचा थर उन्हाळ्यात वितळतो. खालचा गोठलेला थर पाणी मुरू देत नाही. म्हणून पाऊस बेताचा असूनही जागोजाग दलदल होते. लार्च वृक्ष त्या उथळ थरातच मुळे आडवी पसरतो. त्याची पाने सुईसारखी असतात, तरी हिवाळ्यापूर्वी तो ती गाळून टाकतो. गोठलेल्या मातीतून पाणी मिळावे कसे? आणखी उत्तरेस टुंड्रा प्रदेशात वृक्षच संपतात. तेथे शेवाळ आणि आपल्या मसाल्यातील दगडफुलाचे भाऊबंद उगवतात. हिवाळ्यात बर्फ उकरून रेनडिअर तेच खातात.

याकुत्स्कमधील मोठ्या इमारती खांबांवर उभ्या असतात. घरातील ऊब जमिनीत उतरली, तर माती वितळून घर खचावयाचे! परंतु आता हवाच तापू लागली आहे. हजारो वर्षे न कुजता राहिलेला पालापाचोळा माती वितळताच कुजू लागतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड व मिथेन हे वायू निघतात आणि हवा अधिकच तापते.