अक्षर लागले, अर्थ अडला

आल्प्स पर्वताच्या पूर्व भागात, म्हणजे आजच्या ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतात आणि इटलीच्या ईशान्येकडील डोंगराळ मुलखात, रोमन सत्ता येण्यापूर्वीची काही शतके जी भाषा लिहिली जात होती, तिला ‘रेटिक’ असे म्हणतात. रोमन लेखक तेथील लोकांना ‘रेटी’ म्हणत, त्यावरून हे नाव पडले. या भाषेचे तीनशेहून अधिक लेख सापडले असून, त्यांतील बहुतेक ब्राँझ, हाड, शिंग अशा लहान वस्तूंवर आहेत आणि उघड्या खडकावर कोरलेले लेख मोजकेच आहेत. टिरोलमधील श्टाइनबर्ग आम रोफान या गावाच्या परिसरात 1957 साली डोंगरातील एका झऱ्याच्या गुहेत आढळलेले लेख या मोजक्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध होत.

तेथील खडक चुनखडीचा आहे. पावसाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड अशा दगडाला हळूहळू खातो, भेगांत शिरलेले पाणी हिवाळ्यात गोठून फुगते व कपचे उडवते, आणि ज्या वर्गातील दगडफूल मराठी स्वयंपाकघरात मसाल्यात पडते, त्याच वर्गातील वनस्पतीसदृश जीव कोरीव रेघांत मूळ धरल्यासारखे चिकटून बसतात. परिणामी मुद्दाम कोरलेली रेघ कोणती आणि निसर्गाने पाडलेली चीर कोणती, हाच पहिला प्रश्न ठरतो. उजेड समोरून न टाकता खडकाच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर टाकला, तर उथळ खाचांतही सावली पडून त्या उठून दिसतात. हेच तत्त्व पुढे नेऊन दिवा वेगवेगळ्या कोनांत ठेवून अनेक छायाचित्रे घेतली जातात व संगणकात ती एकत्र करून पडद्यावर उजेडाची दिशा हवी तशी फिरवता येते. ओला कागद दगडावर ठोकून ठसा घेण्याची जुनी रीतही उपयोगी आहे. मात्र ठिसूळ पृष्ठभागावर ती न वापरलेलीच बरी.

लिपी मात्र अनोळखी नाही. ती इटलीतील एट्रुस्कन लिपीच्या कुळातील असून बहुधा उजवीकडून डावीकडे लिहिली जाते, आणि तीत ‘अ’, ‘ए’, ‘इ’, ‘उ’ या चारच स्वरांना चिन्हे आहेत. परंतु लिपी वाचता येणे म्हणजे भाषा कळणे नव्हे: मेळघाटातील कोरकू भाषा देवनागरीत छापली, तर मराठी वाचक ती अडखळत का होईना उच्चारू शकेल, पण ती वेगळ्याच भाषाकुळातील असल्याने अर्थाच्या बाबतीत कोराच राहील. रेटिकपुढे अभ्यासक बराच काळ असेच उभे होते. हेल्मुट रिक्स यांनी 1998 मध्ये एट्रुस्कनशी तुलना करून दोन्ही भाषांचे नाते व्याकरणाच्या आधारे मांडले, तेव्हा चित्र पालटले. ‘-सि’ व ‘-अले’ हे विभक्तिप्रत्यय दोन्हीकडे आहेत, भूतकाळी क्रियापदांचे प्रत्ययही जुळतात. शिवाय रेटिकमध्ये पुरुषाच्या नावापुढे येणारे ‘-नु’ प्रत्ययाचे आणि स्त्रीच्या नावापुढे येणारे ‘-ना’ प्रत्ययाचे नाव पित्याच्या नावावरून साधलेले असते. रेटी हे एट्रुस्कन लोकांचेच वंशज असल्याचे लिव्ही या रोमन इतिहासकाराने लिहून ठेवले होते, परंतु आजच्या अभ्यासकांच्या मते या भाषा मायलेकी नसून बहिणी आहेत, आणि ग्रीसमधील लेम्नोस बेटावरचा एक शिलालेख त्यांच्याच कुळातील आहे.

व्याकरण हाती आल्यामुळे एक नवा धोकाही निर्माण झाला. कोणता प्रत्यय कोठे यावा हे ठाऊक असलेल्या अभ्यासकाला झिजलेल्या खडकावर तोच प्रत्यय दिसू लागतो, आणि मग त्या वाचनाच्या आधारे व्याकरणाला दुजोरा दिला जातो. विशेषतः ‘प’, ‘ल’, ‘उ’ या अक्षरांची रूपे प्रदेशानुसार बदलत असल्यामुळे एक तिरपी रेघ पुसली गेली तरी निवाडा कठीण होतो. यासाठी 1931 साली ठरलेल्या लायडन पद्धतीनुसार शंकास्पद अक्षराखाली बिंदू देतात व नष्ट झालेला मजकूर चौकटी कंसात दाखवतात. झिजलेल्या खडकावरील लेखाच्या ज्या वाचनात असा एकही बिंदू नाही, त्यावर सहजासहजी विश्वास ठेवू नये.